फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस

परवा ओपीडीच्या नोंदणी खिडकीवर थोडी बोलाचाली ऐकू आली, म्हणून डोकावलो. साठीच्या एक मावशी उभ्या होत्या. डोक्याला स्कार्फ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कागदपत्रं. खिडकीतल्या मुलानं आधार कार्ड पाहिलं, मावशींकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "मावशी, हा फोटो तुमचा वाटत नाही."

मावशी म्हणाल्या, "माझाच हाय रं बाबा. केस व्हते तवाचा."

केमोथेरपीत त्यांचे केस गेले, भुवया गेल्या, वजन उतरलं, गाल आत गेले. त्या मुलाला तरी दोष कसा द्यावा? दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेण्याचे प्रकार घडतात. पण त्याच्या मनात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले होते. हे कार्ड खरं आहे का? आणि कार्ड दाखवणारी व्यक्ती तीच आहे का? या दोन प्रश्नांच्या तपासण्या निरनिराळ्या आहेत.

पहिला प्रश्न कार्डाचा. पासपोर्टवर किंवा नोटेवर बारीक नक्षीच्या रेषा असतात. त्या अखंड छापलेल्या असतात. घरगुती प्रिंटरवर त्याच रेषा रंगीत ठिपक्यांत तुटतात आणि सूक्ष्म अक्षरांचा नुसता डाग होतो. साध्या भिंगातूनही हे दिसतं. अतिनील प्रकाशात बाजारातला पांढराशुभ्र कागद निळसर चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं. पासपोर्टचा कागद असा चमकत नाही. त्यातले ठरावीक धागे आणि नक्षी तेवढी उजळतात.

मोबाइलवर पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत कागदच नसतो. तिथे संगणक चित्राचे कण तपासतो. जेपेग प्रकारचं चित्र आठ बाय आठ कणांच्या चौकोनांत साठवलं जातं. एका कार्डावर दुसऱ्याचा चेहरा चिकटवला, तर त्या भागातले चौकोन आणि कॅमेऱ्याची खरखर उरलेल्या चित्राशी जुळत नाही. ठिगळ कितीही सफाईनं लावलं तरी शिवण कळते, तसंच हे. मात्र तोच फोटो चार वेळा फॉरवर्ड झाला की या खुणा पुसट होतात.

म्हणून आधारच्या बाबतीत सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे कार्डावरचा क्यूआर कोड. त्यात नाव, पत्ता, फोटो असतो आणि त्यावर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. आतलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. तो अधिकृत ॲपनंच स्कॅन करावा आणि कोडमधला फोटो कार्डावरच्या फोटोशी ताडून पाहावा, कारण दुसऱ्याचा खरा कोड खोट्या कार्डावर छापता येतो.

आता दुसरा प्रश्न, चेहऱ्याचा. ओळखीचा चेहरा आपण गर्दीतही टिपतो. अनोळखी चेहरा फोटोशी जुळवताना मात्र आपण फारच कच्चे असतो. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट अधिकाऱ्यांचीच अशी परीक्षा घेतली गेली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुसऱ्याचा फोटो दाखवणाऱ्यांपैकी 14 टक्के जणांना अधिकाऱ्यांनी 'तोच माणूस' म्हणून सोडलं. अनेक वर्षांच्या अनुभवानंही फरक पडला नव्हता.

मग बोटांचे ठसे? कॅन्सरवरच्या कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी काही रुग्णांच्या तळहातांची कातडी सोलते आणि ठसे पुसट होतात. ही गोळी घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला याच कारणानं अमेरिकेच्या विमानतळावर काही तास थांबवून ठेवलं होतं. आजार चेहरा बदलतो, आणि उपचार कधी कधी ठसेही नेतात.

यंत्रं अचूक झाली तरी एक हिशेब विसरून चालणार नाही. समजा, 10,000 कार्डांत 10 खोटी आहेत. यंत्र त्यातली 9 पकडतं आणि खऱ्या कार्डांपैकी फक्त एक टक्क्यावर चुकून शंका घेतं. म्हणजे सुमारे 100 खऱ्या माणसांवर लाल दिवा लागला. पकडलेल्या 109 जणांत खोटे अवघे 9! आम्ही डॉक्टर हे रोज पाहतो. मॅमोग्राफीत डाग दिसला म्हणून कुणी लगेच कॅन्सरचे उपचार सुरू करत नाही. पुढची तपासणी करतो. ओळखपत्राचंही तसंच हवं. शंका आली, तर दुसरी तपासणी करावी. माणसाला खिडकीवरून परत पाठवणं हा शंकेवरचा इलाज नव्हे.

मावशींच्या कार्डाचा कोड स्कॅन झाला, सही जुळली, आतला फोटोही तोच निघाला. कार्ड खरं ठरलं. माणूस तोच का, याचं उत्तर आमच्याच कपाटात होतं. पहिल्या भेटीच्या केसपेपरवर ऑपरेशनच्या जुन्या व्रणाची नोंद होती. सिस्टरनी पडद्याआड व्रण पाहिला आणि मान हलवली.

तुमच्या घरी दीर्घ आजाराचा रुग्ण असेल, तर जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड ओळखपत्रासोबतच ठेवा. चेहरा बदलला असेल, तर आधारमधला फोटो नवा करून घ्या. आणि तुम्ही स्वतः एखाद्या खिडकीमागे बसत असाल, तर 'हा फोटो तुमचा नाही' म्हणण्याआधी एकदा विचारा, "मावशी, मध्यंतरी आजारी होतात का?"