बेअरिंगचा आवाज कोण ऐकणार?

दासगाव, वहूर, केंबुर्ली या महामार्गालगतच्या गावांतून रोज माणसं महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. त्यांतले कितीतरी मेंटेनन्सला असतात: फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर आणि त्यांच्या हाताखालचे हेल्पर. 'एआय आला की मशीनच सांगणार कुठे बिघडलंय, मग आपलं काय काम?' हा प्रश्न त्यांच्या घरांत पडणं साहजिक आहे. पण या प्रश्नाभोवती जे समज जमलेत त्यांतले बरेच चुकीचे आहेत, आणि तसल्या समजावर पोराचा आयटीआयचा ट्रेड ठरवला तर ते पुढे महागात पडतं.

गैरसमज: एआय बिघाड काढतो

तो बिघाड काढत नाही, बिघाडाची चाहूल देतो. रासायनिक कारखान्यातला एक साधा पंप घ्या. मोटर मिनिटाला 1440 फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला 24. तिच्यात 6205 नंबरचं, नऊ गोळ्यांचं बेअरिंग आहे असं धरू. त्याच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) बारीकसा खड्डा पडला, की गोळ्या त्यावरून जाताना सेकंदाला साधारण 86 ठोके बसतात. हाउसिंगवर बसवलेला सेन्सर हे ठोके टिपतो आणि संगणक बाकीच्या गोंगाटातून ते वेगळे काढतो. मुरलेला फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मूठ कानाला लावतो, तोही हेच ऐकत असतो. सेन्सर मात्र ते बरंच आधी ऐकतो आणि रात्रपाळीलाही ऐकतो.

पण त्यानंतरचं सगळं काम हातांचं आहे. परमिट घ्यायचं, वीज तोडून कुलूप लावायचं, लाइनमधलं रसायन काढून ती धुवायची. कपलिंग सोडायचं, पुलरने जुनं बेअरिंग ओढायचं, नवं तापवून शाफ्टवर चढवायचं, अलाइनमेंट जुळवायचं. गंजलेला बोल्ट किती जोर लावला तर सुटेल आणि किती लावला तर तुटेल हे मनगटाला कळतं. आणि ज्वालाग्राही वाफा असलेल्या भागात हवा तो सेन्सर आणून चिकटवता येत नाही. तिथे एफएलपी (ज्वालारोधक) मोटरसारखाच त्या जागेसाठी प्रमाणित केलेला सेन्सर लागतो आणि तो महाग असतो. छोट्या युनिटमध्ये एआय पोचायला वेळ लागेल, त्याचं हेही एक कारण आहे.

गैरसमज: हे सगळं अगदी नवं आहे

कंपन किती वाढलं की यंत्राची तब्येत बिघडली समजायचं, याच्या मर्यादा टी. सी. रॅथबोन या अमेरिकी अभियंत्याने 1939 सालीच मांडल्या होत्या. रेल्वेतही तापलेला अ‍ॅक्सल बॉक्स आणि चाकाचा रुळावरचा आघात ओळखणारी उपकरणं रुळांच्या कडेला बसवली जातात, तरी गाडी तपासणारे कॅरेज-वॅगनचे कर्मचारी आहेतच. नवं एवढंच, की पूर्वी तज्ज्ञ बसून आलेख वाचायचा आणि आता तो संगणक वाचतो, तोही एका वेळी शेकडो यंत्रांचा.

गैरसमज: ठरल्या तारखेला मशीन उघडलं की निर्धास्त

हा समज एआयच्या कितीतरी आधीचा आहे आणि मला तो सगळ्यांत जास्त नुकसान करणारा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॅडिंग्टन आणि त्यांचे सहकारी विमानांच्या दुरुस्तीचा हिशेब तपासत होते. दर 50 तासांनी तपासणी व्हायची. बिघाड तपासणीनंतर लगेच वाढायचे आणि मग हळूहळू कमी व्हायचे! चांगलं चाललेलं यंत्र उघडताना काहीतरी हलत होतं. पुढे 1978 साली नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय वाढेल तसं बिघडण्याचं प्रमाण वाढत जातं असे भाग त्यात फक्त 11 टक्के निघाले.

हे आकडे विमानांचे आहेत, ते जसेच्या तसे महाडच्या पंपाला लावू नयेत. पण कारण तेच. उघडलं की धूळ शिरते, गॅस्केट नीट बसत नाही, अलाइनमेंट चुकतं. यंत्राची आजची स्थिती पाहून उघडायचं की नाही ते ठरवणं, हा एआयचा खरा फायदा आहे. यातून 'तपासणीच नको' असा अर्थ मात्र कोणी काढू नये. बॉयलर, प्रेशर व्हेसल, उचलण्याची साधनं यांची तपासणी कायद्याने बांधलेली आहे आणि ती तशीच राहायला हवी.

गैरसमज: एआय 99 टक्के अचूक असतो

असे आकडे शोधनिबंधांत खरोखर छापून येतात. त्यांतले कित्येक अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या एकाच प्रसिद्ध माहितीसंचावर काढलेले आहेत. तिथे प्रयोगशाळेत दोन अश्वशक्तीच्या मोटरच्या बेअरिंगवर विजेच्या ठिणगीने मोजूनमापून खड्डे पाडले आणि कंपनं नोंदवली. आपल्याकडचं बेअरिंग खराब होतं ते दमट हवेने, आम्लाच्या वाफेने, चुकीच्या ग्रीसने किंवा हातोडीने ठोकून बसवल्याने. दोन्हींचा आवाज सारखा नसतो.

शिवाय हिशेब करून पाहा. समजा कारखान्यात 200 पंप आहेत आणि या आठवड्यात त्यांतले दोनच बिघडायला लागलेत. यंत्रणा 95 टक्के बरोबर आहे. तरी उरलेल्या 198 चांगल्या पंपांपैकी जवळजवळ दहांबद्दल ती उगाच ओरडेल. बारा इशारे, खरे दोन. असे दोन-तीन आठवडे गेले की माणसं इशाऱ्याकडे बघायचं सोडतात, आणि नेमका तेव्हाच खरा इशारा येऊन जातो. मोबाइलवर एआयला विचारून मिळालेल्या उत्तराचंही तसंच आहे. इंग्रजी मॅन्युअलमधला परिच्छेद मराठीत समजून घ्यायला ते फार उपयोगी पडतं, पण बोल्ट किती टॉर्कने आवळायचा हा आकडा ते छातीठोकपणे चुकीचा सांगू शकतं. आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा.

गैरसमज: सेन्सर लावले की संकटात मदत होते

22 जुलै 2021 चा पूर महाडला कोणी विसरलेलं नाही. सावित्री नदीचं पाणी चढलं की वीज जाते, नेटवर्क जातं आणि सेन्सरही गप्प होतो. पाणी ओसरल्यावर बुडालेली मोटर उघडावीच लागते. गोड्या पाण्याने चिखल धुवायचा, वाइंडिंग ओव्हनमध्ये वाळवायचं, मेगर लावून इन्सुलेशन पाहायचं, रीडिंग वर येत नसेल तर रिवाइंडिंगला द्यायचं. बेअरिंगला गाळ लागला असेल तर ते टाकूनच द्यायचं. घाईने स्विच दाबला तर वाचली असती ती मोटरही जळते. रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाची किंमत अशा आठवड्यात सगळ्या गावाला कळते.

गैरसमज: फिटरची नोकरी जाणार

माझ्या मते धोका आहे, पण तो दुसरीकडे. जुन्या फिटरचं काम लवकर जाणार नाही. जाईल ती हेल्परची फेरी. पाळीत यंत्रं बघत हिंडायचं, हात लावून ताप बघायचा, वास घ्यायचा, लॉगबुकात लिहायचं. हे काम सेन्सर खरंच करतो, स्वस्तात करतो, म्हणून तेच आधी काढलं जाईल. पण दासगावचा पोरगा आयटीआयमधून बाहेर पडून फिटर होतो तो याच फेऱ्यांमधून. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 सालीच ही विसंगती दाखवली होती: स्वयंचलन सोपी कामं काढून घेतं, अवघड कामं माणसासाठी ठेवतं, आणि अवघड काम जमायला लागणारा सराव मात्र त्या सोप्या कामांतूनच मिळत असतो.

त्यात ठेकेदारी. हेल्पर आज या युनिटमध्ये, चार महिन्यांनी त्या. त्याला शिकवण्यात कोणालाच रस नसतो. पंधरा वर्षांनी आजचे फिटर निवृत्त होतील तेव्हा इशारा देणारी यंत्रं भरपूर असतील, पण उघडणारे हात कुठून आणणार?

आणि एआयला शिकवायलाही हेच हात लागतात. 'पंप नं. 4 बंद. दुरुस्त केला. चालू.' या नोंदीतून कुठलाच संगणक काही शिकत नाही. 'मोटरच्या ड्राइव्ह एंडचं बेअरिंग, बाहेरच्या रेसवर खड्डा, ग्रीस काळं, कपलिंगचा रबर एका बाजूने झिजलेला' एवढं लिहिलं तर शिकतो. ही नोंद मराठीत केली तरी चालते. ती लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं पाळीच्या वेळात धरली पाहिजेत.

हेल्परचं शिकणं टिकवायचं तर इशारा आला की त्याला आधी मशीनपाशी पाठवावं, त्याला काय वाटतं ते लिहून घ्यावं आणि मगच आलेख दाखवावा. काढलेलं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून, रेस उघडी करून त्याच्या हातात द्यावं. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, महाडला आयटीआय आहे. एकीकडे आलेख वाचणारी मुलं, दुसरीकडे पुलर धरणारी. वसाहतीतून निघालेली खराब बेअरिंगं, प्रत्येकाच्या कंपनांची नोंद आणि ते का गेलं याची चिठ्ठी, असं एक कपाट दोघांनी मिळून भरायला घेतलं, तर आपल्या हवेत, आपल्या रसायनांत यंत्र कसं बिघडतं याची माहिती पहिल्यांदा आपल्याच हातात येईल.