खुराकापासून डब्यापर्यंत

17 ऑगस्ट 1957 रोजी ग्वाल्हेरात लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. ते 1857 च्या लढ्याचे शताब्दी वर्ष होते, आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी याच शहरात, फुलबागेजवळ. पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ मुंबईच्या कांदिवलीतील शारीरिक शिक्षण संस्थेचा अनुभव गाठीला बांधून आले होते. कसरतीला इथे शास्त्राची बैठक मिळू लागली.

ग्वाल्हेरातल्याच आमच्या लष्कर भागात मात्र व्यायाम म्हणजे तालीम आणि त्यानंतरचे खाणे म्हणजे खुराक. माझे वडील, अण्णा, जोर-बैठका काढून आले की भिजवलेले हरभरे चावून खात, वर पेलाभर दूध पीत. 50 ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे 10 ग्रॅम प्रथिने, पाव लिटर दुधात 8. आज तरुण मुले प्रथिन-पावडरच्या डब्यातून जे एक माप काढतात, त्यात साधारण 20 ते 25 ग्रॅम असतात. ती पावडरही बहुधा दुधातलीच. चीज करताना उरणारी निवळी पूर्वी बरीचशी वाया जाई; ती बारीक गाळून, वाळवून तिचा डबा झाला.

दरम्यान म्हातारपणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वयाबरोबर स्नायू झिजतात, या अवस्थेला 1980 च्या दशकाच्या अखेरीस आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. 1994 मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातील 100 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय 87. दहा आठवडे वजनाचा व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून वाढली. नुसते पोषक पेय घेतलेल्यांची अशक्तता तशीच राहिली. स्नायूला आधी काम लागते, मग अन्न कारणी लागते.

अन्नही पुरेसे हवेच. आपल्याकडे 2020 मध्ये निरोगी प्रौढासाठी किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस झाली. पासष्टीपुढे 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2013 मध्येच सांगितले होते, कारण म्हातारा स्नायू तेवढ्याच घासाला कमी दाद देतो. म्हणजे साठ किलोच्या आजोबांना दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

डब्यावर डोळे मिटून विसंबण्याचे दिवस मात्र नाहीत. 2024 मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या 36 प्रथिन-पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे 70 टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळायला सांगितले.

मला मात्र आमचीच चूक अधिक सलते. अण्णा निवृत्त झाले आणि आम्ही प्रेमाने त्यांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. ‘आता आराम करा, हलके खा’ म्हणत रात्री मऊ भात-मेतकूट वाढले. हरभरे दातांना जड आणि दूध पोटाला, म्हणून तेही बंद केले. दोन वर्षांत त्यांना हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. आम्ही ते वयावर ढकलले.

आता मी त्यांच्या वयाला आलो आहे. ताटात घट्ट वरण, दही आणि उसळ असते. सकाळी खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठतो. बाड्याच्या बाजारातून येताना मुलगा पिशवीला हात घालतो, पण ती मी सोडत नाही.