विश्लेषण : चुंबकाची ताकद ठरते धातू थिजण्याच्या वेगावर!

चीनने एप्रिल २०२५ मध्ये डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि भारतातील वाहन उद्योगाची धावपळ उडाली. नोव्हेंबरमध्ये केंद्राने वर्षाला सहा हजार टन चुंबक देशातच बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पण खनिज हाती आले म्हणजे चुंबक झाला, असे नाही. वितळलेला मिश्रधातू किती वेगाने थिजतो, ही यातली खरी मेख.

सावकाश थिजला तर काय बिघडते?

पाक हळूहळू निवला की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. धातूचेही तसेच. ई-वाहनांच्या मोटारींतील चुंबक निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या संयुगाचा असतो. हा रस साच्यात ओतून सावकाश निवू दिला, तर आधी लोहच वेगळे होते आणि झाडाच्या फांद्यांसारखे वाढते. पुढे सुमारे ११८० अंश सेल्सिअसला त्याची उरलेल्या रसाशी अभिक्रिया होऊन हवे ते संयुग तयार होते खरे, पण ते लोहाभोवती कवचासारखे बसते आणि आतले लोह तसेच राहते. हे मऊ लोह चुंबकत्व धरून ठेवत नाही. शिवाय ते चिवट असल्याने दळताना धड भुकटीही होत नाही.

मग उपाय काय?

लोहाला वाढायला वेळच द्यायचा नाही! रस फिरत्या, थंड तांब्याच्या रुळावर ओतला की जेमतेम पाव-अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या चकत्या पडतात. त्यांतल्या स्फटिककणांमध्ये निओडिमियमचे पातळ थर उरतात. या थरांतून हायड्रोजन आत शिरला की चकत्या आपोआप ठिसूळ होऊन फुटतात. ती भुकटी चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजली जाते. आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते ती हीच पद्धत.

आणखी वेग वाढवला तर?

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट यांनी १९८०च्या दशकात तेच केले. जोरात फिरणाऱ्या चाकावर रसाची धार सोडली, की तो सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने निवतो आणि काही दशांश नॅनोमीटर नव्हे, तर काही दशक नॅनोमीटर आकाराचे कण मिळतात. मात्र वेग अति झाला, तर स्फटिकच तयार होत नाहीत. काचेसारखा अस्ताव्यस्त धातू मिळतो आणि पुन्हा तापवून त्यात कण आणावे लागतात.

डिस्प्रोसियमशी संबंध काय?

मोटार तापली की चुंबक ढिला पडतो, म्हणून महागडे डिस्प्रोसियम घालतात. कण बारीक असले तर त्याची गरज घटते. होंडा आणि दाइदो स्टील यांनी २०१६ मध्ये असाच जड दुर्मीळ मूलद्रव्ये नसलेला, बारीक कणांचा चुंबक हायब्रिड मोटारीत वापरला. अर्थात, त्यातही निओडिमियम लागतेच.