धुरकऱ्याचं नाव

धान घरात आलं की झाडीपट्टीत मंडईचे आणि पटाचे दिवस सुरू होतात. चंद्रपूरकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, गडचिरोलीकडे वडसा, आरमोरी, कुरखेडा, सगळीकडे ठरलेली रीत एकच: दिवसा शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. पटाला आलेले पाहुणे मुक्कामाला असत, त्यांच्यासाठी रात्री मंडप उभा राही, आणि झाडीपट्टीची रंगभूमी त्या गर्दीच्या आधारानंच वाढली. आज वडशात नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, गावोगाव नटांच्या नावांची पोस्टरं लागतात. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका असा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब छापून आला. रात्रीच्या कलावंताचा हिशेब असा मांडता येतो. त्याच गावात, त्याच दिवशी दुपारी हलक्या छकड्यावर बसून बैलजोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा मात्र मांडता येत नाही. तो किती पट धावला, किती जिंकला, कधी पडला, हे जाणत्यांच्या तोंडी असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं. पट टिकवायचा असेल तर ही नोंद ठेवायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

यावर पहिला आक्षेप खुद्द पटशौकिनांचाच येईल. धावतात बैल, पोसतो मालक, मग धुरकऱ्याचं कौतुक कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पश्चिम महाराष्ट्रातही ‘बकासूर’ हे बैलाचं नाव घरोघरी पोचलं, त्याच्यामागे गाडीवर कोण होतं हे फार थोड्यांना सांगता येईल. पण दोन बैल म्हणजे दोन स्वभाव. एक सुटताक्षणी उसळतो, दुसरा अर्ध्या वाटेवर रंगात येतो. जू एकच असल्यानं एक मागे पडला की छकडा वाकडा ओढला जातो आणि जोडी दाण, म्हणजे धावपट्टी, सोडते. कासरा किती ताणायचा, कुठे सैल सोडायचा, कोणत्या बैलाला नुसती हाक पुरते, हे सगळं काही सेकंदांत ठरवावं लागतं, तेही उसळत्या लाकडावर तोल सांभाळून. अमेरिकेतल्या रोडिओनं या वादावर साधा तोडगा काढला आहे. तिथं बैलाच्या पाठीवर आठ सेकंद टिकणाऱ्या स्वाराला शंभरांपैकी गुण देतात, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे बैलाचे. बैलाचा मान ठेवूनही माणसाचं नाव वहीत चढतं. आपल्या शेजारचं कर्नाटकही हेच सांगतं. फेब्रुवारी 2020 मध्ये श्रीनिवास गौडा कंबळा या चिखलातल्या शर्यतीत रेड्यांच्या जोडीमागे 142.5 मीटर 13.62 सेकंदांत धावला आणि देशभर त्याची उसेन बोल्टशी तुलना झाली. ती तुलना भाबडीच होती, रेड्यांचा वेग त्यात मिसळलेला होता. पण चर्चा झाली ती वेळ मोजलेली होती आणि वेळेपुढे नाव लिहिलेलं होतं म्हणूनच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. तुतारी म्हणजे अणीदार काठी टोचणाऱ्या, शेपटी पिरगाळणाऱ्या हाताचा गौरव करायचा का? सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली ती याच छळाच्या पुराव्यांवरून, आणि तो छळ खोटा होता असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. पुढे राज्यानं 2017 मध्ये कायदा केला, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. ‘आपली परंपरा’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. परंपरा तर छळाचीही असते. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाला इजा केली तर शिक्षा आहे. पण शर्यत सुटल्यावर नियम कोणाच्या हातात असतो? धुरकऱ्याच्या. तो बिननावाचा राहिला की तुतारी लपवून नेणारा आणि नुसत्या हाकेवर जोडी पळवणारा, दोघेही लोकांच्या लेखी सारखेच. नोंदवहीत नाव असेल तर एका गावात बाद झालेला माणूस पुढच्या गावात साळसूदपणे कासरा धरू शकणार नाही.

नोंदीचा फायदा धुरकऱ्याच्या जिवालाही आहे. अमेरिकेच्या रोडिओतला लेन फ्रॉस्ट हा 1987 चा जगज्जेता बैलस्वार जुलै 1989 मध्ये शायेनच्या मैदानात बैलाच्या धडकेनं गेला. त्याची कारकीर्द सगळ्यांना पाठ होती, म्हणून तो मृत्यू ‘व्हायचं ते झालं’ म्हणून विसरला गेला नाही. त्याच्याच बरोबरीच्या एका स्वारानं छाती-बरगड्या सांभाळणारं जाकीट तयार केलं आणि पुढे ते या खेळात रूढ झालं. आपल्याकडे छकड्यावरून फेकला गेलेला धुरकरी दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘एक जखमी’ एवढाच उरतो. खर्च म्हणाल तर पटाच्या बक्षिसांपुढे एक वही म्हणजे काहीच नाही. सुटलेली जोडी, मालक, धुरकरी, लागलेली वेळ, झालेली चूक, एवढे रकाने पुरेत. जोडीची वेळ घ्यायला दाणीच्या कडेला माणसं बसलेली असतातच.