विदूषकाचे ऋण

पु. ल. देशपांडे यांचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या चेहऱ्यावर हसू उमटते. बटाट्याच्या चाळीतील बिऱ्हाडकरूंपासून बेळगावच्या रावसाहेबांपर्यंत त्यांनी उभी केलेली माणसे आमच्या घरांतून सोयऱ्याधायऱ्यांसारखी वावरत आली आहेत. परंतु याच पु. लं.नी आपल्या उमेदीची सहा-सात वर्षे चित्रपटाला दिली, एक अवघा चित्रपट जवळजवळ एकहाती उभा केला आणि ऐन चौतिशीत त्या व्यवसायाकडे पाठ फिरविली, हे आजच्या किती रसिकांस ठाऊक आहे? हा विस्मृत अध्याय पुन्हा उघडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. विनोदकाराकडून समाज काय घेतो आणि त्याच्या पदरात काय टाकतो, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेले पु. ल. १९४७ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुबेर’मधून पडद्यावर आले. पुढच्याच वर्षी राम गबाले यांच्या ‘वंदे मातरम्’मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई ही जोडी प्रमुख भूमिकांत दिसली. बेचाळीसच्या आंदोलनात सुनीताबाईंनी स्वतः उडी घेतली होती. त्या लढ्याची धग अनुभवलेल्या आमच्या पिढीला त्या चित्रपटाचे मोल निराळे सांगावयास नको. १९५० साली ‘पुढचं पाऊल’मध्ये हंसा वाडकरांसमवेत ते नायक झाले. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ला त्यांनी संगीत दिले. त्यातले मोराचे बालगीत आजही शाळाशाळांतून गायिले जाते. ते गाणाऱ्या मुलांना संगीतकाराचे नाव मात्र क्वचितच ठाऊक असते.

त्याच १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सारे पु. लं.चेच. ‘सब कुछ पु. ल.’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो या चित्रपटामुळे. गीते माडगूळकरांची आणि गाणारे भीमसेन जोशी व वसंतराव देशपांडे! ज्याला जग मठ्ठ म्हणून हिणवते, अशा भाबड्या माणसाला त्यांनी नायकपद दिले. त्याच्या फजितीला प्रेक्षक हसतो खरा, पण हसता हसता त्याचाच पक्ष घेतो. दुबळ्याला चिमटे काढून हशा मिळविणे सोपे असते. पु. लं.नी ती वाट कधी धरली नाही. आमच्या मते चॅप्लिनच्या जातकुळीचा विनोद मराठी पडद्यावर अवतरला तो येथेच.

आणि येथेच तो थांबलाही. ज्याला अशी सर्वांगीण प्रतिभा लाभली, त्याच्या हातून दुसरा चित्रपट दिग्दर्शित झाला नाही. चित्रपट हा भांडवलाचा आणि वितरकांचा व्यवहार. तेथे कलावंताची लहर चालत नाही. पु. लं.नी वेगळा मार्ग धरला. १९५५ साली ते आकाशवाणीत दाखल झाले. १९५७ साली ‘तुझे आहे तुजपाशी’ आले, १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि १९६१ पासून तीच चाळ त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभी केली. नेपथ्याचा थाट नाही, नटसंच नाही. एक माणूस आणि समोर तुडुंब भरलेले प्रेक्षागृह! १९६५ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’स साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. साहित्य आणि रंगभूमी यांचा हा लाभ चित्रपटाच्या तोट्यातून झाला, हे मात्र विसरता कामा नये.

विदूषकाने हसवावे आणि गप्प बसावे, अशी सत्तेची अपेक्षा असते. पु. लं.नी ती मानली नाही. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचारासाठी व्यासपीठावर उभे राहिले आणि निकाल लागताच काही न मागता आपल्या लेखणीकडे परतले. १९९६ साली पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार स्वीकारतानाही त्यांनी दंडेलीच्या भाषेविषयी नापसंती व्यक्त केली आणि सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला.

हाच सल त्यांनी चित्रपटातून मांडला, तोही एकोणचाळीस वर्षांनी. १९९२ सालच्या ‘एक होता विदूषक’ची पटकथा त्यांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. तमाशातला सोंगाड्या चित्रपटात जातो, तेथून राजकारणात ओढला जातो; साऱ्या जगाला हसविणाऱ्या या माणसाला आपल्या लहानग्या मुलीला मात्र हसविता येत नाही. त्या वर्षीचा मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळविला. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या नेहमीच्या विनोदाच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला हा विदूषक पचला नाही. त्या चित्रपटातील न हसणाऱ्या मुलीला आमच्या मते सांगावयाचे होते ते हेच, की विकत घेतलेल्या हशाने कोणाचेही मन भरत नाही.

गोमंतकाशी पु. लं.चे नाते जिव्हाळ्याचे होते. बोरकरांच्या कवितांचे पु. ल. आणि सुनीताबाई यांनी केलेले वाचन ज्यांनी ऐकले, त्यांना ती कविता नव्याने भेटली. ‘एक होता विदूषक’मधील वर्षा उसगावकर या तर आमच्या मातीतल्याच. २००४ पासून पणजीस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. देशोदेशींचे चित्रपट पाहावयास आपण रांगा लावतो, हे चांगलेच आहे. पण त्या पडद्यावर एखादी सायंकाळ ‘गुळाचा गणपती’ आणि ‘एक होता विदूषक’ यांच्यासाठी राखावयास काय हरकत आहे? मराठी मंडळांनी व शाळांनीही हे मनावर घ्यावे.

१२ जून २००० रोजी पुण्यात पु. ल. गेले, तो त्यांच्या विवाहाचा चोपन्नावा वाढदिवस होता. त्यांचे विनोद आम्ही पाठ केले, मैफलीत सांगितले, दाद घेतली. त्या विनोदामागचा कनवाळू आणि निर्भय माणूस ओळखणे अद्याप राहिले आहे. ऋण फेडावयाचे असेल तर सुरुवात तेथून झाली पाहिजे.