बदललेल्या सांध्याचे कागद जपा

बियाणे उगवले नाही तर पावती आणि पिशवीवरचे लेबल हाच आपला पुरावा. शरीरात बसवलेल्या सांध्याचेही तसेच आहे.

डिप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ या खुब्याच्या सांध्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरत. २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला. सांधा काढून बदलावा लागलेल्या अमेरिकेतील सुमारे ८,००० रुग्णांशी कंपनीने २०१३ साली अंदाजे २५० कोटी डॉलरची तडजोड केली. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. पण भरपाईची वेळ आली तेव्हा बहुतेकांचा पत्ताच लागेना.

म्हणून दवाखान्याचे बिल, डिस्चार्ज कार्ड आणि सांध्याच्या नंबराचे स्टिकर सातबाऱ्यासोबत जपून ठेवा.