कॉन्फोकल रामन सूक्ष्मदर्शन : खोलीचे मापन व त्यातील त्रुटी

प्रस्तावना :
२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्ता येथे लागलेल्या रामन परिणामाच्या शोधाबद्दल सर सी. व्ही. रामन यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या परिणामावर आधारलेला कॉन्फोकल रामन सूक्ष्मदर्शक पदार्थविज्ञानात महत्त्वाचा ठरला आहे. पारदर्शक नमुना न कापता त्याच्या आतील थर ओळखता येतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मात्र तो थर किती खोल आहे, हे उपकरणाच्या आकड्यावरून थेट ठरविणे योग्य नाही.

रामन वर्णपट :
पदार्थावर पडलेल्या लेसरचा प्रकीर्णित प्रकाश बहुतांशी मूळ तरंगलांबीचाच असतो. साधारणपणे कोटीत एखाद्याच फोटॉनची ऊर्जा रेणूंच्या कंपनांमुळे बदलते. हा बदल पदार्थाची ओळख सांगतो. उदा. अॅनाटेज व रूटाइल ही दोन्ही टायटॅनियम डायऑक्साइडचीच रूपे आहेत. परंतु अॅनाटेजची ठळक रेषा सुमारे १४४ प्रति सेंमी. येथे, तर रूटाइलच्या सुमारे ४४७ व ६१२ येथे आढळतात. रासायनिक सूत्र एकच असूनही स्फटिकरचना वेगळी असल्याचे यावरून कळते.

कॉन्फोकल रचना :
मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. शोधकापूर्वी एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. नाभीतून आलेला प्रकाश त्यातून पार होतो. वरच्या-खालच्या भागातला बराचसा अडतो. ५३२ नॅनोमीटर लेसर व ०.९ संख्यात्मक छिद्रमान असलेले वस्तुभिंग वापरल्यास आडवी विभेदनक्षमता सुमारे ०.३६ मायक्रोमीटर येते. खोलीच्या दिशेने ती याहून कमी प्रतीची असते.

खोलीतील त्रुटी :
वेष्टनासाठी वापरली जाणारी बहुस्तरीय प्लॅस्टिक फिल्म घेऊ. तिचा अपवर्तनांक १.५ मानू. मंच १० मायक्रोमीटर वर सरकविला की नाभी तेवढीच आत गेली, असे वाटते. पण हवेतून प्लॅस्टिकमध्ये शिरताना किरण वाकतात. त्यामुळे अक्षाजवळचे किरण १५ मायक्रोमीटरवर, तर भिंगाच्या कडेचे किरण सुमारे २७ मायक्रोमीटरवर एकत्र येतात. परिणामी थर प्रत्यक्षापेक्षा पातळ भासतो, आणि दोन थरांमधील स्पष्ट सीमा पुसट दिसते. अशी पुसट सीमा पाहून दोन पदार्थ एकमेकांत मिसळले आहेत, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. नील एव्हरॉल यांनी २००० मध्ये या त्रुटीचे सविस्तर विवेचन केले.

उपाय :
तैल-निमज्जन वस्तुभिंग वापरल्यास, तेल व नमुना यांचे अपवर्तनांक जवळजवळ समान असल्याने, ही त्रुटी बरीच कमी होते. शक्य असल्यास नमुन्याचा आडवा छेद घेऊन मोजणी करणे अधिक खात्रीचे ठरते.

समारोप :
विद्यार्थ्यांना प्रयोग देताना प्रथम सिलिकॉनच्या ५२०.५ प्रति सेंमी. या रेषेवर उपकरण तपासून घ्यावे. अहवालात भिंगाचे छिद्रमान नोंदवावे आणि आलेखाच्या अक्षावर ‘खोली’ न लिहिता ‘मंचाचे विस्थापन’ असे लिहिण्याची सवय लावावी. उपकरण जे मोजते आणि अभ्यासक जे अनुमान काढतो, यातील फरक विद्यार्थ्याला या एका शब्दबदलातून कळू शकतो.